टोरांटोतल्या आमच्या लायब्ररीतलं स्लेडवालं विज्ञान वर्कशॉप

मागच्या शनिवारी लेकीला घेऊन गेले होते, वय वर्षं आठ, आणि खरंच सांगते खूप आवडलं. फुकट आहे, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं.

पुठ्ठ्याचा उतार करून त्यावर एकदा अ‍ॅल्युमिनियम फॉइल, एकदा लोकरीचं कापड, एकदा सँडपेपर लावायचा आणि काडेपेटीएवढी स्लेड (बर्फावरून घसरणारी बिनचाकी गाडी) सोडून वेळ मोजायची, एवढंच, पण मुलं आधी अंदाज लिहितात आणि मग करून बघतात ना, तिथे खरी मजा आहे. स्लेडमध्ये नाणी भरली की ती जास्त जोरात जाणार असं सगळ्यांनी लिहिलेलं, पण खाली पोचली जवळपास तेवढ्याच वेळात! वजन वाढलं की ओढ वाढते तसं घर्षणपण वाढतं, हे वर्कशॉप घेणाऱ्या ताईंनी स्वतः सांगितलं नाही, मुलांकडूनच काढून घेतलं, मला ते फार भावलं.

शेवटी कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेमक्या जागी पोचवायच्या खेळाचा, व्हिडिओ दाखवला. तो ग्रॅनाइटचा दगड 18-20 किलोचा असतो आणि पुढे ब्रशने बर्फ घासला की तो जास्त लांब आणि सरळ जातो, हे मलाही नवीनच.

तक्रार एकच, एका टेबलाला सहा मुलं आणि एकच स्टॉपवॉच, धाकट्यांचा नंबरच लागत नव्हता. निदान दोन तरी ठेवा प्लीज.

घरी आल्यावर पोरीने ताटलीत बर्फाचा खडा आणि खोडरबर ठेवून ताटली हळूहळू तिरकी केली, खडा लगेच सुटला, खोडरबर अडून बसलं, आणि तिने लगेच वहीत लिहून ठेवलं. सहा वर्षांपुढच्या मुलांना नक्की न्या, पुढचं सेशन फेब्रुवारीत आहे.