युरोपा युनिव्हर्सालिस ४ : किल्ले, खर्च आणि न सुटणारी वाट

युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा राज्य चालवण्याचा आणि युद्धाचा संगणकावरचा खेळ. बरेच महिने खेळून झाल्यावरचा हा अनुभव आहे, त्यामुळे नकाशा, राष्ट्रं, ग्राफिक्स यांवर शब्द घालवत नाही. बोलायचंय ते झोन ऑफ कंट्रोलवर, म्हणजे किल्ला आसपासच्या प्रांतांत सैन्याची वाट अडवतो त्या नियमावर. २०१५ च्या १.१२ पॅचने (खेळाच्या सुधारित आवृत्तीने) किल्ल्यांची ही व्यवस्था आणली, आणि इतकी वर्षं उलटूनही आपलं सैन्य नेमकं कुठे जाऊ शकतं हे खेळ धड सांगत नाही.

ढोबळ नियम असा. शत्रूच्या चालू किल्ल्याशेजारच्या प्रांतात शिरलात की एक तर किल्ल्यावर जा, नाहीतर आलात तिकडे परत फिरा. वाचायला सोपं आहे. पण दोन किल्ल्यांची क्षेत्रं एकमेकांवर चढली, मध्ये मित्रराष्ट्राचा किल्ला आला, की सैन्य भलत्याच मुलखातून वळसा घेतं नाहीतर जागचं हलत नाही. टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी सूचना) वाचून कारण कळेल तर शपथ! उपाय एकच: शत्रूच्या हद्दीत लांबचा हुकूम द्यायचा नाही, एकेक प्रांत पुढे सरकायचं. आयर्नमॅन या कडक प्रकारात तर सेव्ह एकच, चाल मागे घेण्याची सोय नाही.

आता पैशांचं. साधा किल्ला, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, २०० डुकाटांना (खेळातलं चलन) पडतो आणि वर दरमहा देखभाल. छोट्या राज्याची तिजोरी इथेच गळते. म्हणून शांततेच्या काळात मॉथबॉल करायचा, म्हणजे तात्पुरता बंद ठेवायचा, खर्च निम्मा होतो. मात्र मॉथबॉल केलेला किल्ला शत्रूला अडवत नाही, सैन्यपरंपराही (सैन्याच्या लढाऊ अनुभवाचे गुण) वाढवत नाही, आणि पुन्हा चालू केला तरी शिबंदी हळूहळू भरते. युद्ध जाहीर करायच्या दिवशी बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. काही महिने आधी दाबा.

सुरुवातीला माझं मत होतं की सीमेवरचे दोन ठेवून बाकी किल्ले पाडून टाकावेत. ते आता निम्मंच उरलंय. किल्ल्याशेजारचे बिनतटबंदीचे प्रांत शत्रूने घेतले तरी त्याचं सैन्य पुढे गेल्यावर किल्ला ते आपोआप परत मिळवतो. त्याहून मोठं म्हणजे, वेढा घालणाऱ्यांवर किल्ल्याच्या मालकाने हल्ला केला तर अवघड भूभागामुळे बसणारा फटका वेढा घालणाऱ्यालाच बसतो. डोंगरात हा फरक लढाईच्या फाशावर २ गुणांचा आहे. त्यामुळे घाटमाथ्यावरचा एक किल्ला मैदानातल्या तिघांना भारी पडतो, आणि देखभाल एकाचीच.

वेढ्याचं गणित ठाऊक नसेल तर उगाच चिडचिड होते. साधारण दर ३० दिवसांनी १ ते १४ चा फासा पडतो. त्यात तोफा, सेनापतीचे वेढ्याचे गुण आणि वेढ्याची आतापर्यंतची प्रगती मिळवायची, किल्ल्याची पातळी वजा करायची. बेरीज २० झाली की किल्ला पडला. १ आला तर छावणीत रोगराई आणि ५ टक्के माणसं गेली. १४ आला तर तटाला खिंडार. खिंडार दिसलं म्हणून लगेच हल्ल्याचं बटण दाबू नका, त्यात पायदळ कापलं जातं. समुद्रकाठच्या किल्ल्याची नाकेबंदी केली नसेल तर फासा आपल्या विरोधात जातो, म्हणून जहाजं आधी पोचली पाहिजेत.

गोव्यातल्या खेळाडूला एक गोष्ट खुपणारच. इथे गोवा म्हणजे एक प्रांत आणि एकच किल्ला! १५५१ चा रेइश मागुश, १६१२ चा आग्वाद, फोंड्याचा मर्दनगड, सगळे एकाच चौकोनात. प्रत्यक्षात तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख) आणि अठराव्या शतकातल्या नव्या काबिजादी यांच्यात दोन शतकांहून जास्त अंतर पडलं. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला तेव्हा मांडवीच्या तोंडावर पोर्तुगीजच होते. खेळात हे घडूच शकत नाही. गोवा घेतला की सगळाच घेतला.

याच मालिकेतल्या पुढच्या युरोपा ५ मध्ये राजधानीपासून जितकं लांब तितका ताबा कमी, आणि समुद्रमार्गाने अंतर स्वस्त पडतं. पोर्तुगीज किनाऱ्याला का चिकटून राहिले हे त्याने जास्त पटतं. पण किंमत पाहता मी सध्या थांबलोय. चौथा भाग घ्यायचा असेल तर नुसता मूळ खेळ घ्या, तोही सेलमध्ये. किल्ल्यांची व्यवस्था त्यातच आहे, तिच्यासाठी एकही डीएलसी (वेगळी विकत घ्यायची पुरवणी) लागत नाही.