क्लोनाझेपाम: काही महिने घेतल्यावरचा अनुभव

गुण येतो, आणि लवकर येतो. रात्री अचानक छातीत धडधड, हातपाय गार, आता काही खरं नाही असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल निघाला. मग लातूरच्या मनोविकारतज्ज्ञांनी सकाळी एस्सिटॅलोप्राम (नैराश्य आणि भीतीच्या आजारावरची गोळी) आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम लिहून दिली. एस्सिटॅलोप्रामला गुण दाखवायला काही आठवडे लागतात, तोवर क्लोनाझेपामचा आधार घ्यायचा. ती कधी कमी करायची, हेही डॉक्टर पहिल्याच भेटीत बोलले. माझ्या मते या औषधात सगळ्यात महत्त्वाचं तेच.

मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींची धावपळ आवरतं. क्लोनाझेपाम ज्या गटातली, ती बेन्झोडायझेपिन औषधं त्या गाबाचा जोर वाढवतात. म्हणून धडधड बसते, अंग सैल पडतं, झोप लागते. फिट्सच्या रुग्णांनाही हीच गोळी देतात, तीही याचमुळं. पण भीतीचं मूळ तिनं जात नाही.

त्रास दिवसा जाणवला. निम्मं औषध शरीरातून जायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात, त्यामुळं सकाळी डोकं जड. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, काल कुणाला काय सांगितलं ते आठवायचं नाही. आमच्याकडं हरभऱ्याला पाणी द्यायला लाईट रात्रीची. गोळी घेऊन विहिरीवर जायचं नाही, मोटारसायकलला हात लावायचा नाही, म्हणून रात्रपाळी भावानं घेतली. घरात ज्याला हे जमणार नाही त्यानं डॉक्टरांना आधीच सांगावं. दारू तर पूर्ण बंद; दोन्हींची गुंगी एकत्र आली की श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो.

पाहुणे हक्कानं म्हणतात, “झोप येईना, एक गोळी दे की.” देऊ नका. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन खुबा मोडू शकतो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. कायदा उगाच कडक नाही. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला सवय लागू शकते.

सोडताना खरा कस लागला. डॉक्टरांनी ०.५ वरून ०.२५ केली, मग आणखी कमी, प्रत्येक टप्प्याला थांबत. दर वेळी काही रात्री झोप उडायची, घाम यायचा, चिडचिड व्हायची. जुना आजार परतला की काय असं वाटायचं. तो परतला नव्हता, शरीर सवय सोडत होतं. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. हे मी ठासून सांगतो, कारण पैसे संपले, सुगी आली, की औषध मध्येच सोडणारे आपल्याकडं खूप आहेत.

आता क्लोनाझेपाम बंद आहे, दुसरी गोळी चालू आहे. झोप कधीकधी उशिरा लागते, पण सकाळी डोकं मोकळं असतं. लातूरपर्यंत जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.