विश्रामबागचा मर्चंट नेव्ही क्लास, बल्क कार्गोचा (जहाजात सुटा भरतात त्या मालाचा) तास एक नंबर
धाकट्या भावाला इथं घातलाय, परवा पालकांना पण बसू दिलं. सरांनी डब्यात अर्ध्यापर्यंत लोहखनिजाचा बारीक चुरा भरला नि वीतभर उंचीवरनं फरशीवर 25 वेळा आपटला, बघता बघता वर पाणी सुटलं आणि कोरडा वाटणारा माल चिखलागत हलाय लागला, पोटात गोळाच आला माझ्या. जहाजात असं झालं की माल एका बाजूला सरकतो नि जहाज कलंडतं. 2015 ला बल्क ज्युपिटर नावाचं जहाज बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) घेऊन बुडालं, 19 पैकी 18 जण गेले. डब्यात पाणी नाही सुटलं तरी माल सेफ धरायचा नाही, लोडिंगआधी ओलाव्याचा लॅब रिपोर्ट बघायचाच, हे सरांनी पोरांकडनं तीनदा वदवून घेतलं. फी जरा जास्त आहे, बाकावर दाटी होते, तरी पोरगं जहाजावर जाणार असेल तर इथंच घाला.