जीपीएस ट्रॅकरचा रिव्ह्यू, गाडी चोरीला जाऊन परत मिळाल्यानंतर

दीड वर्षापूर्वी गाडीत ट्रॅकर बसवला आणि त्याचा रिव्ह्यू लिहायचं कधी मनातही आलं नाही, मॅपवर एक ठिपका दिसतो, गाडी हलली की तो हलतो, यावर लिहिणार काय. मग दोन महिन्यांपूर्वी रात्री गाडी खरोखर चोरीला गेली आणि पावणेदोन तासांत सापडली, आणि तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो कुठला ट्रॅकर, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाहीये. आतलं मशीन बहुतेक सगळ्यांचं सारखंच असतं आणि मला जे सांगायचंय ते कुठलाही ट्रॅकर घेणाऱ्याला लागू पडेल.

आधी मशीन. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत सिम आणि छोटी बॅटरी, म्हणजे चोराने गाडीची मेन वायर तोडली तरी काही तास लोकेशन जात राहतं. चार वायरी असतात, दोन करंटच्या, एक इग्निशनची आणि चौथी रिलेला, म्हणजे सिग्नलवर चालणाऱ्या स्विचला, तो रिले फ्युएल पंपाच्या लाइनवर असतो म्हणजे ऍपमधून इंजिन बंद करता येतं. फिटरने तासाभरात काम उरकलं आणि डबी नक्की कुठे बसवली ते मलाही दाखवलं नाही, म्हणाला तुम्हाला सापडली तर चोरालाही सापडेल, हे पटलं मला. गाडी चालू असताना दर दहा सेकंदांनी लोकेशन अपडेट होतं, बेसमेंटमध्ये गेली की ठिपका अडकून बसतो, बाकी तक्रार नाही. एकच वैताग, खोटे अलर्ट. शेजारून ट्रक गेला तरी व्हायब्रेशनचा अलर्ट, मांजर बॉनेटवर बसली तरी अलर्ट.

त्यामुळे त्या रात्री २:३८ ला फोन वाजला तेव्हा मी कूस बदलून परत झोपलो. पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी खटकलं, फोन बघितला तर हा व्हायब्रेशनचा नव्हता, "इग्निशन ऑन" होतं. खिडकीतून खाली पाहिलं. पाऊस पडून गेलेला, सगळं ओलं, आणि माझ्या गाडीच्या जागी तेवढाच एक कोरडा चौकोन.

पोलिसांना फोन केला, नंबर, रंग, मॉडेल सांगितलं आणि त्यांनी मागितली म्हणून लाइव्ह लोकेशनची लिंक पाठवली. आणि मग, हात थरथरत होते, डोकं चालत नव्हतं, तीच लिंक मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली, मित्रांच्या ग्रुपवर पण टाकली, "गाडी चोरली, इथे आहे, कोणी जवळ असेल तर बघा" असं लिहून. हे वाक्य मी दोन महिन्यांत किती वेळा परत वाचलंय ते मलाच माहीत.

दुसऱ्या फोनवरून कंपनीची हेल्पलाइन लावली. अकरा मिनिटं होल्डवर. मग एक मुलगा आला आणि म्हणाला सर ऍपमध्ये लाल बटण आहे, इंजिन ऑफ, दाबून टाका. ऍपमध्ये गाडीचा स्पीड दिसत होता ९४. माझा अंगठा बटणावर होता, खरंच सांगतो, अर्धा सेकंद राहिला असेल, आणि दुसऱ्या कानाला पोलिसांचा फोन होता, त्यातला माणूस ओरडला, "ओ साहेब, थांबा, चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, मागे ट्रक असला म्हणजे?" मी थांबलो. नंतर वाचलं तेव्हा कळलं तो किती बरोबर होता. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकचा बूस्टर एकदोनदा साथ देतो आणि मग पेडल घट्ट होतं, ९४ च्या स्पीडला ओल्या रस्त्यावर म्हणजे आतला माणूस मेलाच आणि समोरून येणारा कोणी असला तर तोही. अमेरिकेत जनरल मोटर्सने ऑनस्टार या त्यांच्या गाड्यांमधल्या मदतसेवेत २००९ च्या मॉडेलपासून हीच सोय दिली ती अशी आहे की आधी पोलिसांनी गाडी डोळ्यांनी दिसतेय असं सांगायचं, मग कंपनी सिग्नल पाठवते आणि गाडी हळूहळू मंद होत जाते, स्टिअरिंग-ब्रेक चालू राहतात. माझ्या ट्रॅकरमध्ये स्पीडचं कसलंही बंधन नव्हतं. झोपेतून उठलेल्या घाबरलेल्या माणसाच्या हातात असं बटण देणं ही या मशीनची सगळ्यात मोठी चूक आहे, मी याचे सरळ दोन स्टार कापतोय.

आता जे चांगलं झालं ते. मला वाटलं होतं सायरन, पाठलाग, नाकाबंदी. तसलं काही झालंच नाही. पोलिसांच्या दोन गाड्या लांबून चालल्या होत्या, सायरन बंद, लिंक बघत. फोनवरचा तोच माणूस मला म्हणाला, "आपण मागे आहोत हे त्याला माहीत नाही तोवर तो माणसासारखा चालवतोय, माहीत पडलं की जनावरासारखा चालवेल." आणि ऍपमध्ये ते दिसत होतं. ९४ चे ७० झाले, मग ५०, मग एका सिग्नलला गाडी चक्क थांबली. चोरलेली गाडी पहाटे सव्वातीनला लाल सिग्नलला थांबलेली मी मॅपवर पाहिली.

ट्रॅकरचा खरा उपयोग मला तिथे कळला, गाडी सापडणं हे दुसऱ्या नंबरला, पहिलं म्हणजे पाठलाग करावा लागत नाही. ही कल्पना जुनीच आहे, लोजॅक हे चोरीच्या गाड्या शोधायचं यंत्र १९८६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालं तेव्हा पोलिसांच्या गाडीत रिसीव्हर बसवून चोरीच्या गाडीतला रेडिओ सिग्नल शोधायचे. आता स्टारचेस नावाचं एक यंत्र आहे, पोलिसांच्या गाडीच्या पुढच्या जाळीतून चिकटणारा जीपीएस टॅग समोरच्या गाडीवर उडवतात आणि स्वतः मागे राहतात. कारण पाठलागात काय होतं ते जगाने पाहिलंय. २००१ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ ने चालवणाऱ्या १९ वर्षांच्या पोराचा पाठलाग झाला, चोरी वगैरे काही नव्हती, शेवटी पोलिसाने मागून धक्का दिला, गाडी उलटली आणि पोरगा मानेखाली कायमचा लुळा झाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात बसलं असेल, पण नंबर प्लेट तर पहिल्या मिनिटाला दिसते ना, उद्या घरी जाऊन पकडता आलं नसतं का, हे मला अजून पटत नाही.

तर गाडी शहराबाहेर एका बंद गोदामासमोर थांबली. पोलीस अजून तीन-चार मिनिटं मागे होते. आणि माझ्या ग्रुपवरची माणसं त्यांच्याआधी पोहोचली.

मी भावाच्या गाडीतून पोहोचलो तेव्हा पाच बाईकचे हेडलाइट एकाच जागी रोखलेले होते आणि मध्ये एक पोरगा पालथा पडलेला, हात त्याच्याच पट्ट्याने मागे बांधलेले, आमच्याच मजल्यावरच्या एकाचा गुडघा त्याच्या पाठीवर. भुवई फुटलेली. "बोल, कुठून उचललीस, अजून कोण आहे" आणि प्रत्येक प्रश्नाला लाथ. तो काय बोलणार, त्याचा आवाजच निघत नव्हता, तोंडातून फक्त घरघर येत होती. माझ्या गाडीचं दार उघडं, आतला दिवा चालू, क्लचखाली त्याची एक चप्पल अडकलेली. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "गाडी तुझी आहे, तू पण दोन ठेवून दे." मी "सोडा रे" म्हणालो पण ते इतकं हळू की कोणाला ऐकू गेलं नाही.

पोलीस आले. त्यातले एक वयस्कर हवालदार उतरले आणि त्यांनी पहिलं काय केलं तर गाडी नाही बघितली, मला नाही विचारलं, त्या गुडघावाल्याला बाजूला केलं आणि पोराला कुशीवर वळवलं. मग उठवून बसवलं, पट्टा सोडला, विचारलं "श्वास घेता येतोय का?" मला तेव्हा कळलं नाही ही घाई कसली. नंतर एका डॉक्टर मित्राने सांगितलं, पालथा पाडून, हात मागे बांधून, पाठीवर वजन दिलं की छातीला फुगायला जागा राहत नाही, त्यात माणूस पळालेला, घाबरलेला असतो, ऑक्सिजन जास्त लागत असतो, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. आणि धडपडतो तो श्वासासाठी, पण वरच्याला वाटतं विरोध करतोय, मग तो अजून दाबतो.

दुसऱ्या गाडीतून एक तरुण पोलीस धावत आला, त्याने पोराची कॉलर पकडली तर हवालदार म्हणाले, "तू नको, तू आत्ता तासभर त्याच्या मागे होतास, तुझं डोकं अजून गरम आहे, मी बघतो. तू गर्दी मागे घे." तो लगेच बाजूला झाला. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. पाठलाग संपला तरी अंगातला पाठलाग संपत नाही. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसांनी पाठलाग करून थांबवली तेव्हा पाठलाग संपलेलाच होता की, तो जमिनीवर होता, आणि त्यानंतर लाठ्या चालल्या, समोरच्या बाल्कनीतून एकाने शूट केलं म्हणून जगाला कळलं. पुढच्या वर्षी ते पोलीस सुटले आणि शहर पेटलं, ६० हून जास्त माणसं गेली.

पोलीस स्टेशनला आधी त्याला डॉक्टरकडे नेलं, टाके घातले, घरी फोन लावून दिला, मग जबाब. १९७९ ची संयुक्त राष्ट्रांची पोलिसांसाठीची आचारसंहिता आहे, त्यात ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची काळजी घ्यायची जबाबदारी पोलिसांवर टाकलीये, मी नंतर वाचली. मी भीत भीत हवालदारांना विचारलं की आत मारणार का त्याला, तर म्हणाले, "मारल्यावर तर तो टायटॅनिक पण मीच बुडवली म्हणेल, त्याचा मला काय उपयोग?" संयुक्त राष्ट्रांच्याच १९८४ च्या छळविरोधी कराराच्या १५ व्या कलमात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आहे, छळ करून काढलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही.

आणि आता ट्रॅकरचं जे फीचर मी दीड वर्षात कधी उघडलं नव्हतं ते, ट्रिप हिस्टरी. तो पोरगा, १९ वर्षांचा, सांगत होता की गाडी मी नाही काढली, मला एकाने रस्त्यावर किल्लीसकट दिली, अमुक ठिकाणी नेऊन सोड म्हणाला, पैसे देणार होता. कोणी विश्वास ठेवत नव्हतं, मीही नाही. हवालदारांनी मला हिस्टरी काढायला सांगितली. २:३८ ला इग्निशन चालू, २:४६ ला दीड किलोमीटरवर एका ठिकाणी गाडी थांबली, इंजिन बंद, पाच मिनिटं उभी, २:५१ ला परत चालू. त्या वेळी मी झोपलेलो होतो. तिथल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात नंतर दोन माणसं दिसली, एक उतरलेला आणि एक बसलेला, बसलेला हा. त्याला काहीच माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही, रात्री अडीचला कोण अशी गाडी पोचवायला देतं, ते कोर्ट बघेल. पण "कुठून उचललीस" या ज्या प्रश्नावर त्याला लाथा बसत होत्या त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. ट्रॅकर गाडी कुठे आहे ते सांगतो, चोर कोण ते सांगत नाही. ठिपक्याच्या आत कोण बसलंय ते मॅपवर दिसत नाही आणि आम्ही सगळे ठिपक्यालाच मारायला निघालो होतो.

घ्यायचा असेल तर घ्या, पण इंजिन बंद करायचं फीचर कमी स्पीडलाच चालतं ना हे फिटरसमोर विचारून घ्या, हिस्टरी किती दिवस राहते ते बघा (माझी ३० दिवसच राहते, मी त्याच रात्री पीडीएफ काढून ठेवली म्हणून वाचली), आणि लिंक शेअर केलीत तर ती बंद कशी करायची ते आजच शोधून ठेवा, मला त्या रात्री सापडलं नव्हतं. आणि लिंक फक्त पोलिसांना. गाडीत कारखान्यातून आलेला इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी सोय, आहे का तेही बघा, तो नसलेल्या किया आणि ह्युंदाईच्या गाड्या अमेरिकेत पोरं यूएसबी केबलच्या टोकाने चालू करून न्यायला लागली होती.

कंपनीला सगळं लिहून पाठवलं. महिन्याभराने अपडेट आलं, इंजिन ऑफ आता २० च्या खालीच चालतं, तेवढ्यासाठी कापलेल्या दोनातला एक स्टार परत देतोय. लिंक शेअर करताना काहीतरी इशारा दाखवा म्हणालो होतो त्यावर उत्तर नाही. म्हणून मशीनला चार स्टार, हेल्पलाइनला एक. गाडी कोर्टाच्या ऑर्डरनंतर तेवीस दिवसांनी ताब्यात मिळाली, बंपरला एक ओरखडा, बाकी ठीक. मी जबाबात बाईकवरून आलेल्यांचंही सगळं लिहून दिलंय, लिंक मीच टाकली होती हेही. त्यातले चार जण आमच्याच बिल्डिंगचे आहेत आणि सध्या माझ्याशी बोलत नाहीत, कोर्टात बोलावलं तर तिथेही हेच सांगणार आहे.