हायवेच्या कडेचं परडं: लाल माठ की शिराळी?

मुंबई-गोवा हायवेला परडं लागून असेल तर हा प्रश्न येतोच. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण मातीत मुरलेलं शिसं काही कुजून जात नाही, आणि टायरच्या झिजेतून जस्त नि थोडं कॅडमियम (शिशासारखाच एक विषारी धातू) आजही पडतंय. बरं, सॉइल हेल्थ कार्ड काढलंय म्हणून निश्चिंत राहू नका, त्यात मातीच्या ज्या १२ गोष्टी तपासतात त्यांत जस्त-तांबं आहे, शिसं-कॅडमियम नाही, ते लॅबला वेगळं सांगावं लागतं.

माठाचं चांगलं काय तर महिन्याभरात भाजी हातात, मांडवाची कटकट नाही. पण मुळाने ओढलेलं पाणी शेवटी पानातून उडतं आणि कॅडमियम तिथेच मागे राहतं. रोप बिचारं फायटोकेलाटिन नावाचं द्रव्य बनवून धातूला बांधतं, पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडून ठेवतं, त्यामुळे रोप तगतं, दिसायलाही टवटवीत, आणि आपण नेमकं तेच पान खातो! फळापर्यंत त्यातलं खूप कमी पोचतं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, कॅडमियमची मर्यादाच बघा ना, पालेभाजीला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, वेलावरच्या फळभाजीला ०.०५.

पण माठावरून माझं मन फिरलं ते चिखलामुळे. जुलैची सर आली की माठाच्या पानांना खालून-वरून लाल माती, तीन पाण्यांतून काढा नाहीतर चार, जेवताना दाताखाली कचकच लागणार म्हणजे लागणार, घरात रोज त्यावरून बोलणी. आणि शिसं मुळातून वर फारसं चढत नाही, पानावर येतं ते बहुतेक असंच, धूळ नि चिखलाबरोबर. शिराळी मांडवावर डोक्याच्या उंचीला लोंबतात, तिथवर चिखल उडत नाही. शिरांची चटणी करणार असाल तर धुवा मात्र नीट.

शिराळ्यांना फळमाशी लागते, वाऱ्यात मांडव झोपतो, हे आहेच. तुमचं परडं रस्त्यापासून लांब असेल किंवा हिवाळ्यात पेंढा अंथरून करणार असाल तर माठही चालेल कदाचित, मी नाही म्हणणार नाही. मुळा मात्र अशा जागी मी तरी नाही लावणार. आणि काहीही लावा, आपली जांभ्याची माती आंबट, त्यात कॅडमियम जास्त सुटतं, तेव्हा तपासून चुना घाला.

माठाशिवाय घास उतरत नसेल तर दुसरीकडची माती आणून मागल्या दारी कुंड्यांत करा, आमच्याकडे आता तसंच चाललंय.