स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या शोधताना : ‘सीटीआरआय’ नोंदवहीचा पाच महिन्यांचा वापर

आईच्या एमआरआयचा अहवाल पाहून न्यूरॉलॉजिस्टांनी अल्झायमर आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असा दुहेरी स्मृतिभ्रंश असल्याचे सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उठत असताना म्हणाले, ‘‘एखादी ट्रायल मिळते का, तेही पाहून ठेवा.’’ ट्रायल म्हणजे नवा उपचार माणसांवर तपासून पाहणारी चाचणी. ती कुठे शोधायची ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. त्यानंतरच्या पाच महिन्यांत ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआय ही सरकारी नोंदवही मी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी उघडली असेल. तुलनेसाठी अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील अशाच सेवाही पाहिल्या. हे परीक्षण त्या वापरावरून लिहिले आहे. औषधांबाबतचा सल्ला म्हणून ते कृपया वाचू नये.

सीटीआरआय ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नोंदवही आहे. ती 2007 साली सुरू झाली, जून 2009 पासून औषध महानियंत्रकांनी चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल 2018 पासून पहिला सहभागी दाखल होण्याआधीच नोंदणी झाली पाहिजे असा नियम लागू झाला. या शेवटच्या नियमाचे महत्त्व घरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. चाचणीतून नेमके काय मोजणार हे आधीच जाहीर करावे लागले, म्हणजे निकाल हाती आल्यावर सोयीचे तेवढे दाखवण्याची वाट अरुंद होते. नोंदवही पाहायला पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. मात्र नोंदी इंग्रजीत आहेत आणि त्यांची भाषा संशोधकांची आहे. माझे वडील चाळीस वर्षे जिल्हा परिषदेत कागद हाताळत होते, पण पहिल्या नोंदीचे शास्त्रीय शीर्षक तीनदा वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

शोधताना ‘डिमेन्शिया’, ‘अल्झायमर’ आणि ‘सौम्य बोधनिक ऱ्हास’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग असे तीन शोध वेगवेगळे करावे लागतात, कारण एकाच्या यादीत दुसऱ्यातले सगळे येत नाही. यादीत औषध कंपन्यांच्या बहुराष्ट्रीय चाचण्या असतात, ब्राह्मीयुक्त कल्पांच्या आयुर्वेदिक चाचण्या असतात, योगाभ्यासाच्या असतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही असतात. हे सगळे एका रांगेत, एकाच टाइपात दिसते. नोंद प्रबंधाची आहे की नाही हे सांगणारा रकाना आत आहे, त्यामुळे नोंद उघडल्याशिवाय उलगडा होत नाही. सवयीने मी वाचनाचा क्रम ठरवून घेतला. शीर्षक आणि सारांश सोडून द्यायचे आणि सर्वांत आधी अपात्रतेचे निकष पाहायचे. त्यानंतर ‘शेवटचा बदल’ ही तारीख, मग नीतिसमितीची, म्हणजे सहभागींचे हित पाहणाऱ्या समितीची, आणि लागू असेल तेथे औषध महानियंत्रकांची मंजुरी, आणि शेवटी एकूण किती माणसे घेणार व त्यांपैकी भारतातील किती, हा आकडा.

अपात्रतेपासून सुरुवात करण्याचे कारण आमच्या घरातच होते. आईची मिनी-मेंटल ही तीस गुणांची तपासणी झाली तेव्हा मी शेजारीच बसले होते. शंभरातून सात-सात वजा करण्यात तिने एकही चूक केली नाही, कारण निवृत्त होईपर्यंत ती पाचवी-सहावीला गणितच शिकवत होती. ‘‘आज तारीख काय?’’ या प्रश्नाला तिने ‘‘संकष्टी’’ असे उत्तर दिले. त्या दिवशी खरोखरच संकष्टी होती, पण गुण मिळाला नाही. थोड्या वेळापूर्वी सांगितलेले तीन शब्द मात्र एकही आठवला नाही आणि एकूण गुण 19 झाले. लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधाच्या मोठ्या चाचणीत 22 ते 30 गुणांची माणसे घेतली होती आणि डोनानेमॅब या तशाच औषधाच्या चाचणीत 20 ते 28 गुणांची. म्हणजे तिची गाडी एकीकडे तीन स्टेशनांनी आणि दुसरीकडे एका स्टेशनाने चुकली होती. शिवाय एमआरआयमध्ये चारपेक्षा अधिक सूक्ष्म रक्तस्राव दिसले तर या दोन्ही चाचण्यांत प्रवेश नव्हता, आणि आईच्या अहवालात ते पाच आहेत. अशा औषधांच्या बाबतीत ही केवळ अडवणूक नव्हे, हे मला नंतर वाचनातून कळले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन काढून टाकणाऱ्या या औषधांनी काहींच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये अशी सूज दिसली होती, डोनानेमॅबच्या बाबतीत साधारण चारातील एकाच्या. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, परंतु काही मृत्यूही झाले.

हे वाचल्यावर हळहळही थोडी कमी झाली. लेकानेमॅबच्या त्या चाचणीत 1,795 माणसे होती, ती 18 महिने चालली आणि स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजणाऱ्या अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे व न घेणारे यांच्यात 0.45 गुणांचा फरक पडला. दोन्ही गट खालीच गेले, फक्त एक थोडा सावकाश गेला. वर्तमानपत्रांतील मथळ्यांत ‘ऱ्हास 27 टक्क्यांनी मंद’ असे असते, ते याच फरकाचे दुसरे रूप. आकडा खोटा नाही, पण घरातील माणसाच्या वागण्यात तो दिसेल का, हा प्रश्न मथळ्यात मावत नाही.

स्मृतिभ्रंश होऊच नये म्हणून चालणाऱ्या चाचण्यांकडे मी वळले ते स्वतःसाठी. माझे वय 54 आहे आणि आईकडे पाहताना मनात काय येते, ते या वयाच्या लेकींना सांगायला नको. या प्रकारात सीटीआरआयवरील नोंदी बहुतांशी लहान दिसतात : तीस-चाळीस माणसे, दोन-तीन महिने, एखादा व्यायाम किंवा एखादा काढा, आणि शेवटी स्मरणशक्तीची एक परीक्षा. अशा चाचणीतून पुढच्या अभ्यासाची दिशा कळू शकते, स्मृतिभ्रंश टळतो की नाही हे कळणे शक्य नाही. तुलनेला फिनलंडमधील ‘फिंगर’ ही चाचणी घ्यावी. त्यात 60 ते 77 वयाचे, धोका अधिक असलेले 1,260 लोक होते, आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळे एकत्र दोन वर्षे चालवले आणि 2015 साली निकाल प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर अमेरिकेत 2,111 लोकांवर झालेल्या ‘पॉइंटर’ चाचणीचा निकाल 2025 साली आला. आखीव कार्यक्रम पाळणाऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतील प्रगती, आपापल्या सोयीने बदल करणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक होती. सुधारणा मात्र दोन्ही गटांत झाली. याउलट, मधुमेह आणि वजनासाठी गाजलेले सेमाग्लुटाइड आरंभीच्या अल्झायमरवर 3,800 हून अधिक लोकांत तपासले गेले आणि 2025 च्या नोव्हेंबरात त्याचा उपयोग झाला नाही असे जाहीर झाले. मोठी, नीट आखलेली चाचणी ‘नाही’ हेही खणखणीतपणे सांगते. म्हणून सहभागींच्या संख्येचा रकाना मी आता सारांशाआधी वाचते.

आता फोनबद्दल, कारण या सेवेचा खरा कस तिथे लागतो. प्रत्येक नोंदीत सर्वसामान्यांच्या चौकशीसाठी एका व्यक्तीचे नाव, फोन आणि ईमेल असतो. ही सोय उत्तम आहे आणि तिच्यामुळेच नोंदवही निव्वळ दप्तर राहत नाही. ज्यांच्या निकषांत आई बसेल असे वाटले, अशा चार नोंदी मी निवडल्या. एका ठिकाणी दूरध्वनी बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर वाजला आणि उचलणाऱ्याने ट्रायल म्हणजे कोणता वॉर्ड, असे विचारले. दुसऱ्या ठिकाणी ज्या डॉक्टरांचे नाव होते ते शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात गेले होते, पण त्यांनी स्वतः अतिशय सौजन्याने पंधरा मिनिटे बोलून सगळे समजावले. तिसऱ्या रुग्णालयात, त्याचे नाव येथे देत नाही, समन्वयक ताईंनी आम्हाला अहवाल घेऊन बोलावले. आईला सकाळी लवकर उठवून, दोन रिक्षा बदलून आम्ही गेलो आणि भरती आठ महिन्यांपूर्वीच पूर्ण झाल्याचे तिथे कळले. नोंदीत स्थिती ‘भरती सुरू’ अशीच होती. ती वेळोवेळी बदलणे चाचणी नोंदवणाऱ्या चमूचे काम आहे आणि त्या चमूने ते केले नव्हते. आई मात्र खूश होती, कारण परतीच्या वाटेवर उसाचा रस मिळाला. तेव्हापासून ‘शेवटचा बदल’ वर्षभरापूर्वीचा असेल तर आधी ईमेल करायचा, लेखी उत्तर येईपर्यंत घर सोडायचे नाही, असा दंडक मी घातला आहे.

परदेशातील सेवांशी तुलना केली की आपल्याकडे काय नाही ते स्पष्ट दिसते. अमेरिकेची ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ ही 2000 साली सुरू झालेली नोंदवही आहे. तिच्यात देश आणि ‘भरती सुरू’ ही स्थिती निवडून यादी गाळता येते, आणि भारतात केंद्रे असलेल्या बहुराष्ट्रीय चाचण्या तिथे शहरांच्या नावांसह सापडतात. सीटीआरआयवरील नोंद तिच्याशी ताडून पाहणे उपयोगी पडते. तरीही तीसुद्धा नोंदवहीच आहे. लेस्टरमध्ये राहणारा माझा मावसभाऊ ‘जॉइन डिमेन्शिया रिसर्च’ या 2015 पासून चालणाऱ्या ब्रिटिश सेवेत नाव घालून बसला आहे आणि तो ठणठणीत आहे. तिथे अठरा वर्षांवरील कोणीही, आजार असो वा नसो, आपली माहिती भरून ठेवू शकतो. आजारी माणसाच्या वतीने घरचेही भरू शकतात. जुळणारा अभ्यास निघाला की संशोधकच संपर्क करतात. अमेरिकेतील अल्झायमर असोसिएशनची ‘ट्रायलमॅच’ ही मोफत सेवाही प्रश्नावली भरून घेऊन जुळण्या काढून देते. दोन्हींचा आपल्याला थेट उपयोग नाही, परंतु आपल्याकडे लेक पहाटे उठून सहा अंकी क्रमांकांच्या नोंदी चाळते आणि तिथे नोंदच माणसाला शोधत येते, हा फरक बोचतो.

सीटीआरआयचा एक उपयोग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटला आणि तो कोणी सांगितला नव्हता. ओळखीतून आमच्याकडे एका खासगी केंद्राचे माहितीपत्रक आले होते : ‘स्टेम सेल ट्रायल, स्मृतिभ्रंशात हमखास सुधारणा’, आणि खाली लाखांत पॅकेज. मी नोंदणी क्रमांक मागितला. सीटीआरआयचा क्रमांक वर्ष, महिना आणि सहा आकडे अशा ठरावीक साच्याचा असतो. समोरच्याने आधी ‘‘प्रोसेसमध्ये आहे’’ म्हटले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे अशा आजारांत स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीबाहेर करू देत नाहीत, हे नंतर वाचले. अर्थात क्रमांक असणे म्हणजे उपचार चांगला असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. तो नसणे मात्र पुरेसे बोलके असते.

चाचणीत जागा मिळालीच तर काय मागता येते, हेही वाचून ठेवावे. 2019 च्या नियमांनुसार माहितीपत्रक सहभागीला समजेल अशा भाषेत हवे, म्हणजे आमच्या आईला मराठीत. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई देय आहे. सर्वस्वी नवे औषध असेल आणि सहभागी असुरक्षित गटातील असेल तर संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. आईसारखी व्यक्ती स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची सही चालते, पण तिला विचारायचेच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सुया असतील तर नको, गोळ्या असतील तर बघू.’’ एवढे स्पष्ट उत्तर त्या आठवड्यात घरातील दुसऱ्या कोणी दिले नव्हते.

नोंदवही म्हणून मी सीटीआरआयला पाचपैकी चार गुण देईन, आणि घरच्या माणसासाठीची सेवा म्हणून दोन. मराठीत किंवा निदान हिंदीत दोन ओळींचा सारांश आणि जुन्या नोंदींवर ठळक इशारा एवढे झाले तरी दुसरा आकडा वाढेल.

चौथ्या फोनचे सांगायचे राहिले. ती नोंद औषधाची नव्हती, स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची होती. मी सवयीने आईचे वय, एमआरआय, 19 गुण असे घडाघडा सांगू लागले. पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘ते ठीक आहे, पण सहभागी तुम्ही असणार. तुमची झोप किती तास होते, ते सांगा.’’ माहितीपत्रक मराठीत होते. सही केली आहे, पहिले सत्र येत्या शनिवारी आहे आणि तेवढे दोन तास वडील आईपाशी बसणार आहेत.