अण्णांची जिप्सी: कामानंतरचे अकरा महिने

आमच्या जुन्या मारुती जिप्सीचं स्टिअरिंग हलकं करून घेतलं ते माझ्यासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा खांदा धरला आणि त्यांनी जिप्सी चालवणं सोडलं. २००३ ची एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाली), सॉफ्टटॉप, त्यांनी स्वतः हौसेने घेतलेली. वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. विकायचं निघालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विकू नको. पण नवीन काही बसवशील तर असं बसव, की ते बंद पडलं तरी गाडी घरी आली पाहिजे."

आमचं शेत सातारा जिल्ह्यात, बामणोलीकडे. शेवटचे चार किलोमीटर मोबाइलला रेंज नसते, म्हणजे अट रास्तच होती. मी ती निम्मी पाळली. जिथे मोडली तिथले पैसे पाण्यात गेले.

तीच चूक आधी सांगतो. सुरुवातीला मी ३१ इंची टायर, पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) असा सगळा थाट केला. फोटो झकास आले. पण जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, ८० बीएचपीचं आणि त्याची ओढ येते साडेचार हजार आरपीएमला. ही गाडी आजवर चढली ती ताकदीवर नाही, जेमतेम टनभर वजन आणि छोट्या गिअरवर. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर लांब होतो, आणि वर मी नव्वदेक किलो लोखंड पुढच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, टांगलेलं. यवतेश्वरचा घाट पूर्वी तिसऱ्यात निघायचा, तो दुसऱ्यात बोंबलत चढायला लागला. काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी खरी ६७ ने पळत असायची. अ‍ॅव्हरेज आठवर आलं.

जुलैत शेताच्या वाटेवर ती रुतली. त्याच चिखलावरून पूर्वी फोर लोमध्ये (चारही चाकांना ओढ, सगळ्यात छोटे गिअर) तरंगल्यासारखी जायची. विंच लावली, पण जुना अल्टरनेटर तेवढा करंट देईना. दहा मिनिटांत बॅटरी बसली, इंजिन बंद पडलं ते पडलंच. इंजेक्शनची गाडी, बॅटरीत जीव नसेल तर धक्का मारूनही उपयोग नाही. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. दोरखंड बांधता बांधता तो म्हणाला, "दादा, गाडीला जेवान लई झालंय."

आठवड्याभरात सगळं उतरवलं. बंपर तसाही ठेवता आला नसता. असले बुलबार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राने बेकायदा ठरवलेत, हे मला उतरवल्यावर कळलं. आता मूळ मापाच्या जवळचे २१५/७५ आर १५ टायर आहेत. चिखलात हवा २० वर आणतो, डांबरावर आलो की छोट्या पंपाने पुन्हा भरतो. घाट परत तिसऱ्यात निघतो, अ‍ॅव्हरेज अकराच्या आसपास मिळतं.

आता स्टिअरिंग. कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये हॅचबॅकचा जुना इलेक्ट्रिक कॉलम, म्हणजे मोटर लावलेला स्टिअरिंगचा दांडा, आणून बसवला. हायड्रॉलिकही सुचवलं होतं, पण पंप, पट्टा, ऑइलचे पाइप एवढी नवी दुखणी नको होती. इलेक्ट्रिकमध्ये दांडा शेवटपर्यंत जोडलेलाच राहतो, मोटर फक्त हात लावते. करंट गेला तर जुनी जड जिप्सी परत, बाकी काही नाही. अण्णांच्या अटीत बरोब्बर बसणारं काम!

पहिले दोन महिने मात्र मी घाबरून चालवली. गॅरेजवाल्याने कॉलमला गाडीच्या वेगाचा सिग्नलच दिला नव्हता, त्यामुळे उभ्या गाडीत जेवढी मदत तेवढीच ८० च्या वेगात. पुणे-बेंगळुरू हायवेवर चाक ताकातल्या रवीसारखं फिरायचं आणि गाडी लेन सोडून डुलायची. मग मदत कमी-जास्त करायचा बटणवाला कंट्रोलर साडेतीन हजारांत बसवला. गावात पूर्ण, हायवेला पाव. हे काम करून घेणार असाल तर पहिल्या दिवशीच विचारा: वेग कळणार कुठून?

ऑगस्टमध्ये स्टिअरिंगच्या मोटरचा फ्यूज उडाला. फ्यूजची डबी पायाजवळ बसवलेली, तिथे पाणी शिरलं. बामणोलीहून सातारा, भर पावसात, जड स्टिअरिंगने आलो. खांदे भरून आले, पण घरी आलो. डबी आता डॅशच्या वर सरकवली आहे.

पाट्यांबद्दल थोडक्यात. कॉइल स्प्रिंग करून देणारे बरेच आहेत, मी मोहात पडलो नाही. जुने पाटे उतरवून साफ केले, बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे टाकले. गाडी अजूनही खड्ड्यात आपटते, फक्त आता कमरेला एकदाच कळतं. पत्र्याचं काम सगळ्यात खर्चिक निघालं. आधीच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता, खरवडल्यावर फ्लोअर चाळणीसारखा. हेडलाइटला रिले टाकले, बल्ब हॅलोजनच ठेवले. कासच्या धुक्यात पांढरा एलईडी लावून बघा, समोर भिंत उभी राहते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. एसी नाही लावला. कापडी टपाच्या गाडीत तो सह्याद्रीच गार करत बसतो.

कागदांचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल करताना आरटीओचा संबंध येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. गॅरेजवाल्याच्या "काय होत नाय ओ" वर जाऊ नका.

"एवढ्या पैशात मारुतीची नवी जिम्नी नसती का आली?" हे सगळे विचारतात. नसती. माझे सगळे मिळून तीन लाख चाळीस हजार गेले, त्यातले पन्नासेक हजार त्या थाटाचे. पण घरात लहान मुलं असतील तर जिम्नीच घ्या. सहा एअरबॅग आणि एबीएस कुठलंही गॅरेज जिप्सीत बसवून देऊ शकत नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर मी माझ्या मुलीला बसवत नाही.

साडेनऊ हजार किलोमीटर झाले. दिवाळीत अण्णांनी चावी मागितली. पोवई नाक्यापर्यंत गेले, वळवली, परत आले. उतरायच्या आधी ते बटण शोधून अर्ध्यावर आणलं आणि मला म्हणाले, "एवढं मऊ कशाला? गाडी हाताला लागली पाहिजे."

तेव्हापासून ते अर्ध्यावरच आहे.